मुतखडा : फोडावा, काढावा की वाट पाहावी?

‘मुतखड्यावर बिनटाक्याचा उपचार’, ‘दुर्बिणीने ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा आशयाच्या पाट्या आता सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. पुण्याजवळचे बावधन असो की खानदेशातले धुळे, रुग्णालयांच्या वस्तीत त्या हमखास दिसतात. पाट्यांवरचा मजकूर बहुतेक वेळा खोटा नसतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्या खड्यासाठी कुशीत वीतभर छेद घ्यावा लागे, तो खडा आज खरोखरच टाका न घालता किंवा बोटाएवढ्याही नसलेल्या छिद्रातून काढता येतो.

मात्र पाटीवर तीन गोष्टी लिहिलेल्या नसतात. कोणता उपचार कोणत्या खड्याला लागू पडतो, उपचारानंतर रुग्णावर काय जबाबदारी राहते आणि खडा काढल्यानंतरही आजार का उरतो, या त्या गोष्टी. त्या समजून घेण्यासाठी वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतील भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बऱ्याच अंशी पुरते.

मुतखड्याशी महाराष्ट्राचा संबंध किती जवळचा आहे हे एका नोंदीवरून कळेल. धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजीमध्ये ८ डिसेंबर २००९ रोजी डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एका रुग्णाच्या डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. एका रुग्णातून काढलेले सर्वाधिक खडे म्हणून या घटनेची नोंद गिनेस बुकात झाली. आकडा अचाट आहे, पण त्यामागे चमत्कार नाही. मूत्राचा निचरा नीट होत नसेल तर स्फटिकांचे कण बाहेर न पडता साचत राहतात आणि त्यांचे खडे बनत जातात. ही क्रिया अनेकांच्या शरीरात लहान प्रमाणावर, काही जाणवू न देता चालू असते.

खडा तयार होतो कसा?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील जवळजवळ ९९ टक्के द्रव परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र उरते. शरीराला नको असलेले क्षार एवढ्याशा पाण्यात विरघळवून बाहेर टाकायचे असतात. पाणी कमी पडले की द्रावण अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात मावेल त्यापेक्षा जास्त क्षार कोंबला जातो. अशा द्रावणाला एखादे केंद्रक मिळाले की त्यावर थरावर थर चढत स्फटिक वाढू लागतो.

तुरटीच्या गरम संपृक्त द्रावणात दोरा सोडून ते हळूहळू थंड होऊ दिले की दोऱ्यावर स्फटिक जमतात, हा प्रयोग अनेक शाळांत होतो. निसर्गातही असेच घडते. बावधनच्या टेकड्या ज्या काळ्या बेसाल्टच्या बनल्या आहेत, त्या प्रकारच्या खडकातील पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइटचे सुंदर स्फटिक आढळतात. खडकातून झिरपणाऱ्या, क्षार विरघळलेल्या पाण्याने ते सावकाश घडवलेले असतात. मूत्रपिंडातल्या पोकळीतही अशीच घडण होते, फक्त तिला हजारो वर्षांऐवजी काही महिने किंवा वर्षे पुरतात.

बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे असतात, काही जंतुसंसर्गामुळे बनतात, तर सिस्टिन या अमिनो आम्लाचे खडे आनुवंशिक दोषामुळे होतात आणि ते विरळा आढळतात. अमेरिकेतील अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की मूत्रपिंडाच्या आतील पृष्ठभागावर कॅल्शियमचे पांढुरके ठिपके असतात आणि कित्येक खडे तिथे चिकटून वाढतात. तुरटीच्या प्रयोगातल्या दोऱ्याचे काम इथे हे ठिपके करतात.

मग सर्वांनाच मुतखडा का होत नाही? कारण मूत्रात स्फटिकांची वाढ रोखणारे पदार्थही असतात. सायट्रेट हा त्यांतला महत्त्वाचा. तो कॅल्शियमला पकडून ठेवतो, त्यामुळे ऑक्झॅलेटच्या वाट्याला कमी कॅल्शियम येते. लिंबाच्या सरबताची शिफारस करतात ती यासाठीच, कारण लिंबात सायट्रिक आम्ल भरपूर असते.

कळ कशाची येते?

मूत्रपिंडात स्वस्थ पडून राहिलेला खडा अनेकदा मुळीच दुखत नाही. तो निसटून मूत्रवाहिनीत उतरला की त्रास सुरू होतो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही नळी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात तीन जागा विशेष अरुंद आहेत : मूत्रपिंडाच्या तोंडाशी, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा बहुधा यांपैकीच एका ठिकाणी अडकतो. वरून मूत्र येतच असते, त्यामुळे नळीतला आणि मूत्रपिंडातला दाब वाढतो. रुग्णाला गडबडा लोळायला लावणारी कळ प्रामुख्याने या दाबाची असते. खडा टोचल्याने ती येते असे पुष्कळांना वाटते, पण टोचण्याचा त्यातला वाटा कमी आहे.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कळ दाबाची असेल तर दाब कमी झाला की कळ थांबणार. दाब कमी होण्याची कारणे मात्र दोन असू शकतात. एक, खडा पुढे सरकून पडून गेला. दोन, खडा तिथेच आहे, पण अडलेल्या मूत्रपिंडाने काम कमी केले आणि मूत्रच कमी तयार होऊ लागले. रुग्णाला दोन्ही वेळा सारखेच हायसे वाटते. दुसऱ्या प्रकारात मात्र काही आठवड्यांतच मूत्रपिंडाची कायमची हानी होऊ लागते. दुसरे मूत्रपिंड सगळा भार उचलत असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून ‘आता दुखत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. खडा पडल्याची खात्री सोनोग्राफीने किंवा सीटी स्कॅनने करून घ्यावीच लागते.

वाट केव्हा पाहावी?

सगळ्यांत कमी छेदाचा उपचार म्हणजे छेदच न घेणे. चार मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. पाच मिलिमीटरच्या आसपास ही शक्यता कमी होते आणि सहा-सात मिलिमीटरच्या पुढे ती बरीच घटते. म्हणून लहान खडा, आटोक्यात असलेली वेदना आणि दोन्ही मूत्रपिंडे ठीक असतील तर डॉक्टर वेदनाशामक औषध देऊन चार ते सहा आठवडे वाट पाहतात. मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारे औषधही काही वेळा दिले जाते.

घरोघरी या काळात हुलग्याचे कढण, पाषाणभेद किंवा पानफुटीचा रस घेतला जातो. अनेकांना त्याने गुण आल्यासारखे वाटते. त्यामागचे साधे कारण हे की लहान खडे एरवीही पडणारच असतात. दीड सेंटिमीटरचा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा खडा मात्र काढ्याने विरघळत नाही. युरिक आम्लाचा खडा मूत्राची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो, पण खडा त्याच प्रकारचा आहे हे आधी ठरवावे लागते. मोठा खडा नळीत अडकलेला असताना काढा घेत महिने काढणे म्हणजे मूत्रपिंड पणाला लावणे होय.

काही परिस्थितींत एक दिवसही थांबू नये. खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रात जंतू वाढले तर ते रक्तात पसरून जिवावर बेतू शकते. अशा वेळी डॉक्टर खडा फोडत बसत नाहीत. आधी नळी घालून तुंबलेले मूत्र मोकळे करतात आणि संसर्ग आटोक्यात आला की मग खड्याकडे वळतात. नातेवाइकांना हे अर्धवट काम वाटते, परंतु तोच योग्य क्रम आहे.

चाकूपासून सुटका

सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश अनिश्चित, म्हणून वैद्याने आधी अधिपतीची अनुमती घ्यावी असेही त्यात सांगितले आहे. युरोपातही ही शस्त्रक्रिया फार भीतिदायक मानली जात असे.

पॅरिसच्या झाँ सिव्हिआल यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण आत घालून मूत्राशयातला खडा तिथल्या तिथे फोडला. छेदाशिवाय खडा काढण्याची ही सुरुवात म्हणता येईल. सिव्हिआल यांनी नुसता दावा केला नाही. त्यांनी युरोपभरचे आकडे गोळा केले. १८३५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आलेल्या या आकड्यांनुसार छेद घेतलेल्या रुग्णांत शंभरातले सुमारे १९ दगावत, तर नव्या पद्धतीत सुमारे दोन. दोन उपचारांची तुलना संख्याशास्त्राने करण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

मूत्रपिंडातला खडा मात्र आणखी दीडशे वर्षे चाकूच्याच हाती राहिला. मग १९७६ ते १९८० या चार-पाच वर्षांत तीन वाटा जवळजवळ एकदम उघडल्या.

पहिली वाट : बाहेरून आघात

जर्मनीतील डॉर्निए ही विमाने बनवणारी कंपनी. अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळले की धातूत आघाततरंग निर्माण होतात, त्यांचा अभ्यास तिथे चालू होता. हेच तरंग शरीराला इजा न करता खडा फोडतील का, असा प्रश्न त्यातून पुढे आला. म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने पहिल्या रुग्णावर उपचार केले. तिलाच आपण लिथोट्रिप्सी म्हणतो.

यामागची भूमिती दहावीचा विद्यार्थीही समजू शकेल. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेला तरंग लंबवर्तुळाच्या कडेवरून परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत येतो. पहिल्या यंत्रात लंबवर्तुळाकार धातूच्या वाटीच्या एका नाभीत पाण्याखाली विजेची ठिणगी पाडत. रुग्णाला पाण्याच्या टाकीत अशा तऱ्हेने ठेवत की त्याचा खडा बरोबर दुसऱ्या नाभीत येईल. आता टाकीची जागा पाण्याच्या उशीने आणि जेलने घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे.

मधल्या त्वचेला, स्नायूंना इजा का होत नाही? याला कारणे दोन. आपल्या मऊ ऊती बव्हंशी पाण्याच्याच असल्याने पाण्यातून आलेला ध्वनितरंग त्यांच्यात जवळजवळ विनाअडथळा शिरतो. शिवाय बाहेर तो मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो आणि नाभीपाशीच एकवटतो. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या काही शे पट असतो. पाण्याची उशी किंवा जेल यांचे महत्त्वही इथेच कळते. मध्ये हवेचा थर राहिला तर तरंग त्याच्यावरूनच परत फिरेल.

खडा फुटतो कसा हे कॅरमच्या सोंगट्यांनी दाखवता येते. पाच-सहा सोंगट्या एका ओळीत चिकटवून ठेवा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि पलीकडच्या टोकाची सुटते. खड्यात शिरलेला दाबतरंगही मागच्या पृष्ठभागावरून उलटताना ताण निर्माण करतो. दगड दाब सहन करतो, पण ताणापुढे कच्चा पडतो, त्यामुळे मागून कपचे निघतात. भोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, तेही खड्याचा पृष्ठभाग कुरतडतात. असे दोन-तीन हजार आघात दिले जातात. ते मिनिटाला १२० ऐवजी ६० ते ९० च्या गतीने दिले तर खडा अधिक चांगला फुटतो. गती जास्त असेल तर आधीच्या आघाताचे बुडबुडे विरण्यापूर्वीच पुढचा तरंग येतो आणि त्याची ऊर्जा त्या बुडबुड्यांत वाया जाते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तरंग खडा फोडतो, बाहेर काढत नाही. तुकडे रुग्णाच्या मूत्राबरोबरच बाहेर पडावे लागतात. खडा मोठा असेल तर तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकते. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातल्या तुकड्यांना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढून बाहेर पडणे अवघड जाते. खडा फार कठीण असेल तर तो फुटतच नाही. गरोदर स्त्रियांना आणि रक्त गोठण्याचा दोष असलेल्यांना हा उपचार देता येत नाही.

दुसरी वाट : दुर्बीण आणि लेसर

मूत्रमार्ग, मूत्राशय, मूत्रवाहिनी, मूत्रपिंड ही निसर्गाने दिलेलीच वाट आहे. उलट दिशेने वर चढत गेले तर एकही छेद न घेता खड्यापर्यंत पोहोचता येते. अडचण होती ती वळणावळणाच्या अंधाऱ्या नळीत पाहण्याची. ती सोडवण्याच्या कामात एका भारतीयाचाही वाटा आहे. पंजाबातील मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले आणि १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केले. तंतूच्या आत प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होत राहते, त्यामुळे तंतू वाकला तरी प्रकाश वाट सोडत नाही. आजच्या अनेक लवचीक दुर्बिणींत टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा असतो. त्यांची जाडी अडीच ते तीन मिलिमीटरच्या घरात असते.

दुर्बिणीतून केसासारखा बारीक लेसर तंतू पुढे सरकवतात. नव्वदच्या दशकापासून यासाठी होल्मियम लेसर रूढ झाला. त्याची तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त भागातली. ही निवड सहज झालेली नाही. या तरंगलांबीचे किरण पाणी फार जोरात शोषून घेते, त्यामुळे तंतूच्या टोकापुढे अर्ध्या मिलिमीटरच्या आतच ते संपतात. टोक खड्याला टेकवले तर खडा भाजून फुटतो आणि तेच टोक नळीच्या भिंतीपासून मिलिमीटरभर दूर असेल तर भिंत सुरक्षित राहते. अलीकडे थुलियम फायबर लेसरही वापरात आला आहे. त्याची तरंगलांबी १९४० नॅनोमीटर असून पाणी ती आणखी तीव्रतेने शोषते, त्यामुळे खड्याची अगदी बारीक पूड करता येते. उरलेले तुकडे तारेच्या इवल्याशा टोपलीत पकडून बाहेर काढतात.

तिसरी वाट : पाठीतून छिद्र

खडा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटून सगळ्या कप्प्यांत पसरला असेल, तर आधीच्या दोन्ही वाटा अपुऱ्या पडतात. अशा वेळी पाठीच्या बाजूने त्वचेतून थेट मूत्रपिंडाच्या पोकळीत सुई नेतात, तीच वाट हळूहळू रुंद करतात आणि तिच्यातून दुर्बीण घालून खडा फोडून काढतात. खडा काढण्यासाठी मुद्दाम अशी वाट तयार करण्याचे पहिले काम स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि जोहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

अशा नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. सुरुवातीपासून चालत आलेली वाट २४ ते ३० फ्रेंचची, म्हणजे ८ ते १० मिलिमीटरची असते. ‘मिनी’ पद्धतीत ती १४ ते २० फ्रेंचपर्यंत खाली आली. आपल्या शेजारच्या गुजरातमधील नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४.८५ फ्रेंचच्या सुईतूनच पाहण्याची आणि खडा फोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मिलिमीटरमध्ये मांडले तर ही जाडी १.६ भरते.

छिद्र लहान केल्याने रक्तस्राव कमी होण्यास मदत होते, पण मोठे तुकडे त्यातून बाहेर येत नाहीत आणि वेळ जास्त लागतो. त्यामुळे सर्वांत लहान छिद्र प्रत्येक रुग्णाला सर्वांत चांगले असतेच असे नाही. आणि छिद्र कितीही लहान असले तरी ते रक्ताने भरलेल्या अवयवात केलेले असते. त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. ‘बिनटाक्याचे’ म्हणजे ‘बिनधोक’ असा अर्थ कोणी काढू नये.

निवड कशी होते?

डॉक्टर मुख्यतः तीन प्रश्न विचारतात : खडा केवढा, कुठे आणि किती कठीण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सीटी स्कॅन देतो. त्यात पाण्याला शून्य धरून घनतेचे आकडे मिळतात, त्यांना हाउन्सफील्ड एकक म्हणतात. युरिक आम्लाचे खडे बहुधा ५०० च्या खाली असतात, तर हजाराच्या वरचा खडा बाहेरच्या आघातांना सहसा दाद देत नाही. ढोबळमानाने सांगायचे तर मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपर्यंतचा, फार कठीण नसलेला खडा आघातांनी किंवा लवचीक दुर्बिणीने हाताळता येतो. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या खड्याला दुर्बीण सोयीची पडते आणि दोन सेंटिमीटरच्या पुढे पाठीतून वाट करणे श्रेयस्कर ठरते. या तीन प्रश्नांची आपल्या बाबतीतली उत्तरे रुग्णाने स्वतः विचारून घ्यावीत. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. खर्चाच्या भीतीने उपचार लांबवण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

विसरलेली नळी

दुर्बिणीच्या उपचारानंतर बऱ्याचदा मूत्रवाहिनीत एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात. तिची दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणून तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत मूत्राची वाट उघडी ठेवणे हे तिचे काम. ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काढायची असते, फार तर तीन महिन्यांच्या आत.

खडा गेला, दुखणे थांबले, शेतीची कामे किंवा नोकरी सुरू झाली की काही रुग्ण परत जातच नाहीत. नळी आत आहे हे कित्येकांना नीट समजलेलेही नसते. आता मूत्रातल्या क्षारांना नवे केंद्रक मिळते, तेही पाव मीटर लांबीचे. नळीवर क्षारांचे पुट चढत जाते, ती आत घट्ट बसते आणि एका साध्या खड्याच्या जागी किचकट शस्त्रक्रिया उभी राहते. काही जणांचे मूत्रपिंडही त्यात जाते. म्हणून रुग्णालयातून निघताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ‘आत नळी ठेवली आहे का, आणि ती कोणत्या तारखेला काढायची?’ ती तारीख घरातल्या कालदर्शिकेवर लिहून ठेवावी. गावात शिक्षकाकडे रुग्णालयाचे कागद वाचून घेण्यासाठी लोक येतात. तेव्हा एवढी एक ओळ शोधून ती मोठ्याने वाचून दाखवली तरी एखादे मूत्रपिंड वाचू शकेल.

खडा गेला, रसायनशास्त्र राहिले

खडा काढल्याने त्याला जन्म देणारे द्रावण बदलत नाही. एकदा मुतखडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा होतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय पाणी आहे आणि तो किती प्रभावी आहे हे गणिताने दाखवता येते.

समजा, एखाद्याच्या मूत्रातून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट बाहेर पडते. मूत्र एक लिटर असेल तर दर लिटरमागे हेच आकडे राहतील. मूत्र अडीच लिटर झाले तर ते ८० आणि १२ होतील. स्फटिक बनणे दोन्हींच्या संहतीच्या गुणाकारावर अवलंबून असते. पहिला गुणाकार ६०००, दुसरा ९६०. पाणी अडीचपट झाले, पण स्फटिक बनण्याचा रेटा सहापटींहून अधिक घटला. प्रत्यक्ष मूत्रातले रसायनशास्त्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे, तरी दिशा हीच राहते. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिलाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत १२ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या गटात २७ टक्के रुग्णांना.

इथे एक नेहमीचा प्रश्न येतो. बावधनसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्त्यांत बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी वापरावे लागते. बादलीवर, तोटीवर पांढरे पुट चढलेले पाहून लोकांना वाटते की हेच पुट मूत्रपिंडातही चढणार, आणि या भीतीने ते पाणीच कमी पितात. पण बादलीवरचे पुट कार्बोनेटचे असते, तर बहुतेक मुतखडे ऑक्झॅलेटचे. जड पाण्यामुळे मुतखडा होतो असे निःसंशय सिद्ध झालेले नाही. कमी पाणी पिण्याने तो होतो हे मात्र पक्के आहे. पाणी पिण्यायोग्य आणि जंतुरहित असावे, मग ते जड आहे म्हणून कमी पिऊ नये.

असाच दुसरा गैरसमज दुधाविषयी आहे. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद, असे अनेक घरांत होते. पण जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे बाहेर जाते. कॅल्शियम तोडले तर ऑक्झॅलेट मोकळे राहून रक्तात आणि तिथून मूत्रात उतरते. बोर्गी यांच्याच २००२ च्या प्रयोगात १२० पुरुषांना पाच वर्षे दोन प्रकारचा आहार दिला होता. कॅल्शियम नेहमीएवढे पण मीठ आणि मांसाहार कमी असलेल्या गटात खडा पुन्हा होण्याचे प्रमाण कमी-कॅल्शियम गटाच्या सुमारे निम्मे निघाले. तेव्हा दूध-ताक चालू ठेवावे. हात आखडता घ्यायचा तो लोणचे, पापड आणि वरून घेतलेल्या मिठाच्या बाबतीत, कारण मिठातले सोडियम मूत्रातले कॅल्शियम वाढवते.

शाळेत काय करता येईल?

दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे, असे मुतखडा झालेल्यांना सांगितले जाते. खानदेश, मराठवाडा, विदर्भाच्या उन्हाळ्यात घामावाटे बरेच पाणी जाते, तेव्हा त्यासाठी तीन-चार लिटरही प्यावे लागते. (हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.) मोजमाप करायला उपकरण नको. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे, गडद असेल तर कमी.

पण विद्यार्थ्याला ‘पाणी पी’ सांगणे पुरेसे नाही. अनेक मुली आणि शिक्षिका शाळेत पाणी टाळतात, कारण स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरडे राहण्याची ही सवय पुढे आयुष्यभर टिकते. सलग तास घेणारे शिक्षकही याच गटात मोडतात. केरळमधील शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्यास सुरुवात झाली. असा उपक्रम कोणतीही शाळा स्वतःहून करू शकते, मात्र त्या घंटेबरोबर स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी हवी.

वर्गात तुरटीच्या स्फटिकाचा प्रयोग कराल तेव्हा तो एक पाऊल पुढे न्यावा. तुरटीचे सारखेच वजन तीन पेल्यांत घ्यावे आणि गरम पाण्याचे प्रमाण मात्र एक, दीड आणि अडीच पट ठेवावे. दुसऱ्या दिवशी कोणत्या पेल्यात स्फटिक जमले आणि कोणता पेला कोरा राहिला हे मुलांनाच पाहू द्यावे. नंतर वरचा गुणाकार फळ्यावर मांडावा. मुतखडा काढण्याच्या तिन्ही वाटा मोठ्या कौशल्याच्या आहेत आणि गरज पडेल तेव्हा त्या जरूर वापराव्यात. पण खडा होऊच नये म्हणून काय करायचे, हे त्या कोऱ्या पेल्याकडे पाहून मुलांना न सांगताच कळेल.